ल्यूपस, वाढते वजन आणि व्यायाम



ल्यूपस या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर व मूत्रपिंडांवर उलटते. दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा विकार ऐन तारुण्यात गाठतो. उपचार सुरू झाल्यावर चेहरा गोल होतो, पोट सुटते, आणि एखाद्या मंगलकार्यात कोणीतरी सहज म्हणून जाते, "बरीच सुटलीस गं!" अशा शब्दांनी खचून परस्पर गोळ्या बंद करण्यापर्यंत मजल जाते. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले.

हे वजन आळसाचे किंवा जिभेच्या लाडाचे नसते. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड भूक वाढवते, शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, आणि चरबी गालांवर, मानेमागे व पोटावर साठवते. मांड्यांचे स्नायू मात्र तेच औषध झिजवते. म्हणून मांडी घालून बसलेल्या रुग्णेस उठताना हाताचा टेकू लागतो. हे औषध काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे तत्सम संप्रेरक बनवणे कमी करते. अशा वेळी गोळी एकाएकी सोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, शिवाय रोगही उसळतो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने २०२३ साली असे सुचविले आहे की, स्टिरॉइड दीर्घकाळ द्यावेच लागले तर प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी आणि शक्य तेव्हा ते थांबवावे. तेव्हा "मात्रा कमी करता येईल का?" असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? ती उतरली की चेहऱ्याचा गोलपणाही हळूहळू ओसरतो.

आता व्यायामाविषयी. रुग्णेने अंथरुणावर पडून राहावे, हा घरोघरचा समज मायेपोटी असला तरी बरोबर नाही. याच संघटनेने २०२३ सालीच ल्यूपसच्या रुग्णांना व्यायामाची शिफारस केली आहे. बेताच्या व्यायामाने रोग बळावत नाही; थकवा कमी होण्यास मदत होते. ल्यूपसमध्ये हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो आणि स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे चालण्याचे मोल येथे अधिकच. आरंभ पाच-दहा मिनिटांचा असावा. चालताना बोलता यावे, इतकाच वेग. दुसऱ्या दिवशी अंग फार मोडून आले तर तेवढेच अंतर आणखी आठवडाभर ठेवावे. मांड्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठबस करणे हा साधा पण उत्तम व्यायाम होय. मनगटे सुजलेली असताना सूर्यनमस्काराचा हट्ट धरू नये. ताप, छातीत दुखणे किंवा सांध्यांना नवी सूज असल्यास विश्रांती घेऊन डॉक्टरांना कळवावे. चालताना जांघेत सतत दुखू लागले तर तेही सांगावे, कारण स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटू शकतो.

उन्हाने हा रोग चेतवला जातो. बडोद्यात मे महिन्यात सहाच्या सुमारास सूर्योदय होतो; कमाटीबागेत फिरणाऱ्यांनी त्याआधी निघावे किंवा सायंकाळी जावे. ते न जमल्यास छपराखालच्या मंडपातील फेऱ्याही चालतात.

आहारात लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ प्रथम आवरावे. उपवासाचे म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी व तळलेला बटाटा यांनी वजन घटत नाही, उलट स्टिरॉइडने आधीच चढू पाहणारी साखर आणखी वाढते. गोळी तर उपाशीपोटी घ्यायची नाही आणि चुकवायचीही नाही. अशा भगिनींनी निर्जळी उपवास करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजन घटविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अल्फाल्फाच्या गोळ्या व मोड टाळावेत. अल्फाल्फा म्हणजे आपली जनावरांना घालतात ती लसूणघास. तिच्या मोडांतील एका घटकामुळे माकडांमध्ये ल्यूपससारखा विकार उद्भवल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झाले आहे.

आठवड्यातून एकदा, सकाळी काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पावले सुजली, लघवीला फेस येऊ लागला, तर ती चरबी नसून पाणी असण्याचा संभव असतो आणि मूत्रपिंडांना रोगाची बाधा झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. काही न करता वजन उतरू लागले तरी ते सांगावे. या रोगात बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले जाते; त्याची मात्रा वजनाच्या दर किलोस सुमारे ५ मिलिग्रॅम या हिशेबाने ठरते, म्हणून तपासणीस जाताना ही वही बरोबर न्यावी.