जुन्या मोटारीचा हिवाळा

मार्गशीर्ष सरून पौष लागला की पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या खोऱ्यांवर पहाटे धुक्याचा जो पातळ थर पसरतो, तो आकुर्डी-निगडीच्या वसाहतींवरून, भोसरीच्या गाळ्यांवरून आणि चाकणच्या माळावरील विस्तीर्ण कारखान्यांवरून ऊन चढेपर्यंत हलत नाही. या दिवसांत पारा दहा अंशांच्या आसपास, आणि कधी त्याच्याही खाली उतरतो. तथापि पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरी नोंदलेले नीचांकी तापमान म्हणजे १७ जानेवारी १९३५ चे १.७ अंश सेल्सिअस. पाणी गोठण्याचा प्रसंग या मुलखावर व्यवहारतः येतच नाही, आणि सबब येथील जुन्या मोटारींच्या मालकांचा असा दृढ समज होऊन बसला आहे की, हिवाळ्याची धास्ती काश्मीर-लडाखच्या वाहनांनी बाळगावी. आपल्याकडे सकाळी चोक थोडा अधिक ओढला की भागते. हा समज अपुरा आहे. कडाक्याच्या थंडीत यंत्र उघडपणे बंद पडते आणि मालक सावध होतो. सौम्य थंडीत ते चालू होते, आणि म्हणूनच आतल्या आत ते काय सोसते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते आपल्या हवामानात जुन्या गाडीचे खरे नुकसान थंडीने होत नाही. थंडीत ती गाडी अर्धवट तापवून पुन्हा बंद करण्याच्या आपल्या रिवाजाने होते.

जुन्या वाहनांचा विचार या पट्ट्यात करणे अगत्याचे आहे, कारण त्यांतील कित्येकांचे हे जन्मस्थान आहे. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सिट आणि पुढे १९६९ मध्ये आलेली मॅटाडोर ही वाहने एका अख्ख्या पिढीच्या मालवाहतुकीचा कणा होती. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने १९६६ मध्ये पिंपरीत पाय रोवले, १९७७ मध्ये येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले, आणि १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आला. आज चाकणला मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांच्या गाड्या संगणकाच्या देखरेखीखाली जुळविल्या जातात. त्या गाड्यांना थंडीचा हिशेब स्वतःच ठेवता येतो. परंतु चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात पहाटे माल उतरविणारा जुना ट्रक, किंवा चिंचवडच्या एखाद्या बंगल्याच्या पडवीत झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी, यांचा हिशेब चालकालाच ठेवावा लागतो.

प्रथम वंगणाचा विचार करू. जुन्या इंजिनांत पूर्वापार जे ४० क्रमांकाचे एकश्रेणी तेल घालीत, ते शंभर अंशांना जितके दाट असते त्याच्या सुमारे दहापट चाळीस अंशांना असते, आणि दहा अंशांना पुन्हा त्याच्या सात-आठपट. अर्थात तापलेल्या इंजिनात सहज खेळणारे तेल पौषातल्या पहाटे ऐंशी पटींच्या आसपास घट्ट झालेले असते. रात्रभर ते बेअरिंगांतून आणि सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली चेंबरमध्ये जमा झालेले असते, आणि पंपाने ते उचलून रॉकरपर्यंत पोहोचवीपर्यंत जे काही क्षण जातात त्या क्षणांत धातू धातूवर जवळजवळ कोरडाच घासतो. अशा वेळी गाडी चालू होताच जोराने रेस देणारा मनुष्य आपल्या इंजिनाचे आयुष्य किती कमी करीत असतो, याची त्याला कल्पना नसते. २०डब्ल्यू-४० सारखे बहुश्रेणी तेल थंडीत त्या मानाने पातळ राहते आणि तापल्यावर आपला दाटपणा टिकविते. पन्नास-साठ वर्षांच्या बहुतेक इंजिनांना ते मानवते. मात्र ज्या इंजिनात वर्षानुवर्षे जुनेच तेल फिरले आहे आणि तळाशी काळा गाळ साचला आहे, त्यात एकदम नवे, मळ धुऊन काढणारे तेल ओतण्यापूर्वी चेंबर उतरवून साफ करून घ्यावे. नाहीतर सुटलेला गाळ तेलाच्या बारीक वाटा बुजवून बसतो.

बॅटरीचीही हीच कथा आहे. तिच्यातील शिसे आणि गंधकाम्ल यांची रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. दहा अंशांना तिच्या सामर्थ्याचा सुमारे दहावा हिस्सा आणि शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा घटतो. म्हणजे तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरविण्यास अधिक बळ हवे असते, नेमके त्याच घटकेला बळ देणारी वस्तू अशक्त झालेली असते. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत आरंभक आला, तरी आपल्याकडील गाड्यांना समोरून हँडल मारण्याची सोय पुढे कित्येक दशके ठेवलेली होती, तिचे कारण हेच. सेल्फ घेत नसेल तर गाडी रात्री उतारावर लावून ठेवण्याची जी युक्ती ट्रकवाले करीत, तीत बॅटरीचे काम पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाकडे सोपविलेले असे.

पेट्रोलच्या इंजिनापुढील अडचण बाष्पीभवनाची आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही. त्याची वाफ हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळावी लागते, आणि ते प्रमाण वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा असे आहे. थंड इंजिनात कार्ब्युरेटरमधून आलेल्या पेट्रोलपैकी फक्त सहज उडणारा हलका अंश वाफ होतो आणि उरलेले थेंबरूपाने नळीच्या भिंतींना चिकटते. म्हणून चोक ओढून हवेची वाट आवळावयाची आणि पेट्रोल गरजेपेक्षा पुष्कळ जास्त सोडावयाचे, म्हणजे त्यातील वाफ होणारा अंश तरी पुरेसा भरतो. हा उपाय जितका आवश्यक तितकाच घातक आहे. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, रिंगांवाटे खाली उतरते आणि चेंबरमधील तेल पातळ करते. डिपस्टिक काढून तिच्या टोकाचा वास घेणारे जुने मेस्त्री नेमके हेच पाहत असतात.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते, आणि म्हणून बाहेरच्या थंडीचा परिणाम तेथे गुणाकाराने वाढतो. हवा सोळाव्या हिश्शात दाबली जात असता, भिंतींतून थोडी उष्णता निसटते असे धरून हिशेब मांडला, तर बत्तीस अंशांची हवा दाबाच्या अखेरीस सुमारे ४२७ अंशांपर्यंत तापते आणि दहा अंशांची हवा सुमारे ३७७ अंशांपर्यंतच. बाहेर बावीस अंशांचा फरक, आत पन्नास अंशांचा. त्यात घट्ट तेलामुळे आणि मरगळलेल्या बॅटरीमुळे इंजिन सावकाश फिरत असेल, तर हवेची उष्णता भिंतींत जिरण्यास आणि झिजलेल्या रिंगांवाटे हवा निसटण्यास अधिक अवकाश मिळतो, आणि आकडा आणखी खाली येतो. ज्या इंजिनांत इंधन आधी एका लहान पूर्वकक्षात फवारले जाते, त्यांत उष्णता शोषणारा पृष्ठभाग अधिक असल्याने हीटर प्लगवाचून गत्यंतर नसते. टेल्कोने १९५४ पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनविलेल्या पहिल्या ट्रकांची इंजिने याच घाटाची होती. सकाळी अशा ट्रकाच्या सायलेन्सरमधून निघणारा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलचे सूक्ष्म थेंब होत. हीटरचा दिवा मावळेपर्यंत थांबण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने सेल्फ वारंवार मारून हा धूर वाढविण्यात अर्थ नाही. डिझेलमधील मेण थिजून गाळणी तुंबण्याचे भय मात्र आपल्याकडे सहसा नाही. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलची गाळणीतून वाहण्याची मर्यादा सहा अंशांवर ठरविलेली आहे, आणि लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे निराळे डिझेल आणले.

येथवर जे सांगितले ते गाडी चालू होण्याविषयी. परंतु खरी हानी ती चालू झाल्यानंतर होते. एक लिटर पेट्रोल जळाले की, त्यातील हायड्रोजनाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते, ही गोष्ट फार थोड्या मालकांना ठाऊक असते. हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर जाते खरे, पण वाटेतील धातू सुमारे पन्नास अंशांहून थंड असेल तर ते तेथेच द्रवरूप होते. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकातून थेंब ठिबकताना दिसतात. आणि काही वाफ रिंगांवाटे चेंबरमध्ये उतरते व तेलात मिसळते. दर रविवारी पाच-दहा मिनिटे पार्किंगमध्येच गाडी चालू ठेवून पुन्हा झाकण घालणाऱ्या मालकाने इंजिनावरील तेल भरण्याचे झाकण एकदा उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तेथे सायीसारखा, मळकट पिवळसर, बोटाला चिकटणारा थर आढळतो. तो तेल आणि पाणी यांचा घुसळून झालेला मिश्र पदार्थ आहे. पुष्कळांना तो पाहून गॅस्केट गेल्याची शंका येते आणि विनाकारण हेड उतरविले जाते. रेडिएटरमधील पाणी कमी होत नसेल आणि त्यात तेलाचा तवंगही नसेल, तर बहुधा गॅस्केट शाबूत असते. दोष फक्त इतकाच, की त्या इंजिनाला कधी पुरते तापूच दिलेले नाही.

उभ्या गाडीत इंजिन तापण्यास फार वेळ लागतो, कारण त्याच्यावर भार नसतो आणि जळणारे इंधन अल्प असते. शिवाय पाणी तापले म्हणजे तेल तापले असे नव्हे. काटा मध्यावर आला तरी तेलाला त्या उष्णतेपर्यंत पोहोचण्यास चालत्या गाडीतही साधारणतः दुप्पट वेळ लागतो. तेल पुरते तापून काही काळ तसे राहील तेव्हाच त्यातील पाणी आणि पेट्रोल उडून जाते. बीएस-सहा मानकामुळे २०२० पासून इंधनातील गंधक दशलक्षांश दहा भागांवर आले, त्यामुळे या पाण्यात उतरणारे गंधकाचे आम्ल पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले; पाणी मात्र तितकेच राहिले आहे, आणि गंजाला तेवढे पुरते.

या बाबतीत आपल्या गॅरेजांनी रूढ केलेल्या एका प्रथेचा निषेध केल्यावाचून राहवत नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा, ही ती प्रथा. सुमारे ऐंशी अंशांना उघडणारी ही लहानशी झडप पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली की पौषातल्या पहाटे देहूरोडवरून धावणारे इंजिन घरी परत येईपर्यंत कोमटच राहते. उन्हाळ्यात गाडी तापण्याची कारणे सहसा चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा आणि आत साचलेला गंज ही असतात. ती दूर करण्याऐवजी झडपच काढणे हा कामचुकारपणा आहे. ट्रकवाले थंडीत जाळीपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा लावतात, ती तजवीज शास्त्रशुद्ध आहे. फक्त दुपारी, पारा तिशीकडे जाऊ लागला की, तो काढण्याची आठवण ठेवावी. आणि पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हेही खरे नव्हे. फियाट अकराशेच्या घराण्यातील इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. दोन भिन्न धातू साध्या पाण्यात एकत्र आले की विद्युतरासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम कुरतडले जाते, आणि ते थोपविणारी द्रव्ये कूलंटमध्ये असतात.

अलीकडे या सर्वांत इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल असते. उसाच्या या मुलखाला त्याचे महत्त्व सांगावयास नको. परंतु कार्ब्युरेटरच्या गाडीला ते हिवाळ्यात जड जाते, हेही सांगितले पाहिजे. इथेनॉलची वाफ करण्यास पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, आणि शुद्ध इथेनॉलची वाफ तर साधारण तेरा अंशांच्या खाली पेटण्याइतकी दाट होतच नाही. मिश्रणात आरंभीचे काम पेट्रोलचा हलका अंश करतो, म्हणून गाडी चालू होते. पण महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा हाच हलका अंश आधी उडून गेलेला असतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि थंडीत त्याची पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटली की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि जस्तमिश्रित धातूचा कार्ब्युरेटर यांना ते बाधते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बदलून घ्याव्यात, आणि टाकीत थोडेच पण ताजे पेट्रोल फिरते राहील अशी व्यवस्था करावी.

कायद्याची स्थिती अशी आहे की, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, आणि अशी नोंद झालेले वाहन नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी मात्र मुभा आहे. मालवाहतूक केलेल्या जुन्या ट्रकांना या तरतुदीत जागा नसावी, हे ज्या पट्ट्याने देशाला ट्रक पुरविले तेथील मनुष्यास खटकल्यावाचून राहत नाही. परंतु मोटारींपुरते बोलावयाचे तर देखभालीची ही मुभा बहुमोल आहे, आणि हिवाळ्यात तिचा विनियोग पूर्णपणे करावा. पंधरवड्यातून एकदा, ऊन पडल्यावर, टायरांतील हवा तपासून (दहा अंशांनी हवा थंड झाली की दाब सुमारे दीड पौंडाने उतरतो) गाडी बाहेर काढावी. पहिले काही किलोमीटर मध्यम गतीने, चोक शक्य तितक्या लवकर आत सारून चालवावी. मग निगडीहून जुन्या महामार्गाने तळेगाव, तेथून चाकण आणि भोसरीमार्गे परत असा फेरा घ्यावा, म्हणजे तेल पुरते तापून तसेच काही काळ राहते. ज्याला इतका वेळ काढणे शक्य नाही, त्याने बॅटरीची तार सोडून ठेवून गाडी त्या पंधरवड्यात मुळीच चालू करू नये.