जुन्या डेस्कटॉपचा राउटर: कार्ड कोणतं?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी घरात फायबर आलं, की धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपचा राउटर करावासा वाटतो. ओपनडब्ल्यूआरटी किंवा ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खर्च काय तो दुसऱ्या नेटवर्क कार्डाचा.

आधी स्लॉट बघा. जुना पीसीआय मार्ग सगळ्या कार्डांत मिळून सेकंदाला 133 मेगाबाइट वाहतो, तेही कागदावर. राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट एका कार्डातून येतं नि दुसऱ्यातून जातं, म्हणजे तोच मार्ग दोनदा अडतो. पीसीआय एक्सप्रेसचा सर्वांत आखूड स्लॉटही एकेका दिशेला 250 मेगाबाइट देतो, आणि त्यात वाटेकरी नसतो.

मग चिप. रिअलटेकचं 8139 शंभर मेगाबिटचं. पॅकेटची नक्कल करण्याचं काम ते प्रोसेसरवर ढकलतं. 50 मेगाबिटच्या लाइनीला तेही चालेल. मी मात्र सर्व्हरमधून निघालेलं, दोन पोर्टचं इंटेल कार्ड घेईन (नकली माल पारखून!). ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर चालतं आणि तिथे रिअलटेक अधूनमधून रुसतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या लिनक्सवर तितकं नाही.

आणि हो, 50 वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला 36 युनिट होतात. जुन्या कार्डाची किंमत महावितरणच्या बिलातून काही महिन्यांत पुन्हा भरावी लागते.