मामांच्या गोडाऊनमधले दहा नग

शनिवारी सकाळी पुण्याहून कराडला निघालो, तेव्हा लॅपटॉपमध्ये तीन सॉफ्टवेअरचे डेमो भरून घेतले होते. मामांचा सिमेंट, सळई आणि टाइल्सचा होलसेल धंदा. 'अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? एक चांगलं सॉफ्टवेअर निवडून दे,' असा त्यांचा फोन आला आणि मी एकदम फॉर्मात! हिंजवडीत आपण एवढाले प्रोजेक्ट हाताळतो बॉस, एका गोडाऊनचं काय घेऊन बसलात?

दुपारी जेवायच्या आत माझी सगळी हवा गेली होती.

पहिली गुगली टाकली दिवाणजींनी. गेली तीसेक वर्षं गोडाऊन तेच सांभाळतात. स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाले, 'भाचेसाहेब, बारा एमएमचा एक नग तुमचं मशीन किती किलोचा धरतं?' फंडा मला पाठ होता. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला वजन. १२ मीटरच्या सळईला गुणलं की १०.६७ किलो. मी छाती काढून सांगितलं.

'आणि काट्यावर १०.९२ भरली तर?'

भरू शकते की! आयएस १७८६ या मानकात बारा एमएमच्या लॉटला वजनात पाच टक्के कमी-जास्त चालतं. मामा माल घेतात टनावर, ठेकेदार नेतो नगावर, बिल होतं किलोवर. पाच टन माल आला की सॉफ्टवेअर भागाकार करून ४६८ नग दाखवणार. लॉट वजनदार असेल तर गोडाऊनमध्ये असतात ४५८. दहा नग गायब!

हे मी कागदावर मांडत होतो आणि मामा एकदम गप्प झाले. मग मामींनी हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कुठलंसं स्वस्तातलं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पहिल्याच स्टॉक तपासणीत बारा एमएमचे बरोबर दहा नग कमी दाखवले. मामांनी चार माणसांत दिवाणजींना विचारलं, 'माल गेला कुठं?' दिवाणजी काही बोलले नाहीत. दोन दिवस कामावरच आले नाहीत. मग सॉफ्टवेअर बंद पडलं, वही परत आली. विषय तेवढ्यावर राहिला.

माझ्या तीनपैकी दोन डेमोंमध्ये हाच घोळ होता. 'एक नग म्हणजे इतके किलो' असं एकदा ठोकून दिलं की बदलता येत नाही. या धंद्यात निदान सळईला तरी नग आणि काट्याचं वजन असे दोन्ही आकडे दर व्यवहारात वेगवेगळे लिहिता आले पाहिजेत. टॅलीसारख्या सगळ्यांना माहीत असलेल्या पॅकेजात पर्यायी एकक आणि बॅच अशा दोन्ही सोयी आहेत, पण त्या मुद्दाम सुरू कराव्या लागतात. बऱ्याच दुकानांत त्या बंदच असतात, कारण बसवून देणारा माणूस कधी गोडाऊनमध्ये पाऊलच टाकत नाही. (मी तरी कुठे टाकलं होतं?)

बॅचवरून आठवलं, टाइल्स! दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सच्या बॉक्समध्ये चार नग, साधारण साडेपंधरा चौरस फूट. हॉलला वीस बॉक्स गेले, दोन कमी पडले. स्क्रीनवर 'शिल्लक ६०'. झकास! पण ते साठ बॉक्स चार वेगळ्या बॅचचे. नवे दोन बॉक्स लावले की हॉलच्या कोपऱ्यात शेडचा पट्टा दिसतो आणि ग्राहक दारात येऊन भांडतो. एकूण शिल्लक दाखवणारं सॉफ्टवेअर इथे काही कामाचं नाही. सिमेंटचंही तसंच. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांनंतर ताकद उतरायला लागते. आधी आलेलं पोतं आधी बाहेर, हे दिवाणजी न बघता करतात. कॉम्प्युटरला ते शिकवावं लागतं.

आणि जीएसटी! २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटचा दर २८ टक्क्यांवरून १८वर आला. ज्या दुकानदाराने सॉफ्टवेअरमध्ये जुना दर खोडून नवा लिहिला, त्याच्याकडे २० तारखेला विकलेली पोती परत आली की क्रेडिट नोटवर चुकीचा दर पडणार. दर तारखेला बांधलेला हवा, ही गोष्ट मी डेमोत विचारलीच नव्हती. उधारीचंही एक आहे. ठेकेदार एक, साइट तीन, पैसे येणार स्लॅबप्रमाणे. खातं साइटनुसार वेगळं निघालं नाही, तर मामा वसुलीला जाणार कुठल्या साइटवर?

तुमच्याही घरचं किंवा सासरचं असं दुकान असेल, तर ही वेळ तुमच्यावर येणारच. माझा अनुभव सांगतो. विकणाऱ्याच्या गुळगुळीत नमुना बिलांवर जाऊ नका. आपल्या दुकानातली पाच वाकडी बिलं काढा. काट्याच्या वजनाचं, बॅच बदलल्याचं, परत आलेल्या मालाचं, तीन साइटवाल्या ठेकेदाराचं आणि ब्रासमध्ये आलेल्या वाळूचं. म्हणायचं, ही आत्ता इथे घालून दाखव. दोन डेमो अर्ध्या तासात बाद झाले. तिसऱ्यात दिवाणजी आकडे सांगत होते, मी टाइप करत होतो. चौथं बिल अडलं, पण सळई बरोबर बसली.

मामा उठले. कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं स्टॉक रजिस्टर काढलं, चष्मा लावून पान शोधलं. 'दहा नग कमी' या शेऱ्यावर त्यांनी पेनाने आडवी रेघ मारली आणि रजिस्टर दिवाणजींपुढे सरकवलं. दिवाणजींनी ते नीट वाचलं, बाजूला तारीख घातली.

'तिघांचा चहा सांगा,' मामा म्हणाले.

सॉफ्टवेअर अजून घेतलेलं नाही. महिनाभर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचं ठरलंय. चौथ्या बिलाचं काय करायचं, ते बघायला येत्या शनिवारी पुन्हा कराड.