एका डॉलरची गोदी

सहा कोटी पौंड! सिंगापूर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंबावांगला नाविक तळ उभारताना ब्रिटिशांनी सुमारे एवढी रक्कम ओतली, आणि तीही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या पौंडांत. तळाचा पसारा २१ चौरस मैल. ५०,००० टनांचे जहाज उचलणारी तरंगती गोदी १९२८ साली इंग्लंडमध्ये, वॉल्सेंडच्या स्वान हंटर कारखान्यात बांधून दोन तुकड्यांत सुएझमार्गे इथवर ओढत आणली.

त्याहून अजस्र काम म्हणजे किंग जॉर्ज सहावा यांच्या नावाची सुकी गोदी. लांबी १,००० फूट, मुंबईच्या ह्यूज ड्राय डॉकएवढीच. रुंदी मात्र १३० फूट, म्हणजे ह्यूजपेक्षा ३० फूट जास्त. बारा डब्यांच्या दहा लोकल शेजारी शेजारी लावल्या तरी त्या खड्ड्यात मावतील. १४ फेब्रुवारी १९३८ ला तिचे उद्घाटन झाले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानला शरण गेले. मधे चार वर्षे आणि एक दिवस.

युद्धानंतर ब्रिटिश परतले खरे, पण जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी तळ सोडण्याची घोषणा केली. जेमतेम अडीच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला, २० लाख वस्तीचा हा देश. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा ब्रिटिश तळांमुळे येत होता. त्याच वर्षी नौदलाची गोदी सिंगापूरला मिळाली. किंमत नाममात्र, १ डॉलर! सेंबावांग शिपयार्ड ही कंपनी निघाली आणि कारभार पाहायला आली तीच ती स्वान हंटर.

मला त्या डॉलरपेक्षा पुढच्या सात वर्षांचे नवल जास्त वाटते. १९६७ पासून सुएझ कालवा बंद होता. आफ्रिकेला वळसा घालायचा तर मोठे जहाज परवडते, म्हणून तेलवाहू जहाजे फुगत चालली होती. युद्धनौकांसाठी खणलेली गोदी त्यांना अपुरी पडू लागली. सेंबावांगने १९७५ मध्ये नवी गोदी बांधली: ३८४ मीटर लांब, ६४ मीटर रुंद, ४ लाख टनी जहाजांसाठी. तिचे क्षेत्रफळ सहा एकर, जुन्या गोदीच्या दुप्पट. डॉलरबरोबर जोहोर सामुद्रधुनीतले आडोशाचे पाणी मिळाले होते आणि तळावर तयार झालेले फिटर, टर्नर, वेल्डरही. त्यांत केरळातून आलेले पुष्कळ. या हातांचा हिशेब सहा कोटींत कुठेच नव्हता, आणि शिपयार्ड चालले ते त्यांच्यामुळे.

नौदलांच्या ताब्यात जुनी गोदी ३० वर्षे होती. व्यापारी जहाजांची दुरुस्ती तिथे अर्धशतकाहून अधिक काळ झाली.