ऊर्जा संवर्धन इमारत संहिता

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता ही भारतात नव्याने उभ्या राहणाऱ्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जावापराचे किमान निकष ठरवणारी नियमावली होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘ईसीबीसी’ या नावाने ओळखली जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ती २००७ साली तयार केली व २०१७ मध्ये सुधारली. इमारतीचा जोडभार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए वा त्याहून अधिक असल्यास ही संहिता लागू होते. मात्र ती आपोआप बंधनकारक होत नाही. राज्य शासनाला ती अधिसूचित करावी लागते आणि त्यानंतर स्थानिक संस्थांच्या बांधकाम नियमांत तिचा समावेश व्हावा लागतो.

निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये इको निवास संहितेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांपेक्षा भिंती, छप्पर व खिडक्यांचा विचार आधी केला आहे, हे तिचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मुंबई उष्ण-दमट हवामान विभागात येते. तेथे घाम सुकण्यासाठी वारा खेळता राहणे आवश्यक असल्याने उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे लागते. संमिश्र हवामानाच्या नागपुरात ते एक अष्टमांश पुरते. म्हणजे ६० चौरस मीटरच्या सदनिकेला मुंबईत १० आणि नागपुरात साडेसात चौरस मीटर. दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे निम्मेच क्षेत्र यात मोजले जाते, कारण ती कधीच पूर्ण उघडत नाही.

या व्यवस्थेची खरी उणीव जुन्या इमारतींबाबत आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ मधील ‘इमारत’ या संज्ञेच्या मूळ व्याख्येत संहितेचे नियम अधिसूचित झाल्यानंतरची बांधकामेच येत होती. आधीपासून उभ्या असलेल्या कार्यालयांसाठी २००९ पासून तारांकन योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. तीत दर चौरस मीटरमागे वर्षभरात प्रत्यक्ष किती वीज लागली हे पाहिले जाते. संहितेची तपासणी मुख्यतः आराखड्यावर होते, तर तारांकन वीजबिलावर ठरते. त्या अर्थाने ही कसोटी अधिक कठोर आहे. भाड्याच्या इमारतींत तर काचा बदलण्याचा किंवा छप्पर उष्णतारोधक करण्याचा खर्च मालकावर पडतो आणि बिलातील बचत भाडेकरूला मिळते. त्यामुळे अशी कामे बहुधा पुढे ढकलली जातात.

२०२२ च्या दुरुस्तीने संहितेची व्याप्ती वाढवून निवासी इमारती व नवीकरणीय ऊर्जा यांचा तीत अंतर्भाव केला.