दोन डोंगर आणि मधला सूर्य

माझी धाकटी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेत 'माझे घर' असं चित्र काढायला सांगितलं होतं. पोरीनं कागदभर आजी काढली. आजीच्या पदराआड एवढंसं घर, आणि घराच्या भिंतीतून आरपार दिसणारी शेगडी, तिच्यावर जांभळा कुकर! वही परत आली ती लाल शाई घेऊन. 'प्रमाण चुकले. रंग चुकीचे.' शेजारच्या मुलीला मात्र शेरा होता 'उत्तम'. तिनं काय काढलं होतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. मैत्रिणींनो, तुम्हीही हेच काढलंत आणि मीही हेच काढलं, नाही का?

त्या दिवसापासून माझी लेकही दोन डोंगर काढू लागली. सासूबाई एकदा म्हणाल्या, "माझं चित्र काढायची थांबली गं ती." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. खरं सांगायचं तर शेरा वाचून मी तिलाच रागावले होते.

आमच्या पेठेत चित्रकलेचे एक निवृत्त सर राहतात. त्यांना ते चित्र दाखवलं तर म्हणाले, "वहिनी, यात चुकलंय काय? जे माणूस मोलाचं ते मोठं. सहा-सात वर्षांचं मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतं. आत शेगडी आहे हे तिला ठाऊक आहे, मग भिंत आड कशी येईल?" दोन वर्षांचं मूल नुसत्या रेघोट्या ओढतं. चौथ्या वर्षाच्या आसपास मोठं डोकं येतं आणि डोक्यालाच हात-पाय फुटतात. मग हळूहळू कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी. जगभरची मुलं साधारण याच पायऱ्या चढतात. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यांनी 1897 साली मुलांचा वर्ग काढला, तो मुलांना त्यांच्या मनाचं काढू द्यायला. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली या पायऱ्यांवर मोठं पुस्तकच लिहिलं.

या वयात आईनं शिकवायचं फार थोडं. जाड खडू, पाठकोरे कागद आणि खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र, एवढं पुरे. रेघेच्या आत रंग भरायची पुस्तकं मी तरी बंद केली. मोबाइलवर बघून फुलपाखरू काढणं हेही त्यातलंच! त्यापेक्षा आपल्याकडे बेंदराला मातीचे बैल असतात, दिवाळीत दाराशी किल्ला असतो. बैल विकत आणण्याआधी गोळाभर माती मुलांच्या हातात द्या. फरशी खराब होते, हे कबूल. आमच्या कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. हातानं करून, बघून, अनुभवून शिकायचं, हा त्या शाळेचा पायाच.

खरी अडचण येते दहाव्या-अकराव्या वर्षी. एकाएकी मूल म्हणतं, "मला नाही येत." आता त्याला हुबेहूब हवं असतं आणि हात तर तयार नसतो. सर म्हणतात, शिकवायची वेळ ही. आणि नेमका तेव्हाच चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो! या वयात हातापेक्षा डोळ्याला वळण लावावं. ओट्यावर पितळेचा तांब्या ठेवून विचारावं, उजेड कुठनं येतोय? सावली कुठं पडलीय? अंबाबाईला गेलात की दर्शन घेऊन लगेच परतू नका, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम मुलांना दाखवा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. नुसत्या पावडरीनं केलेली निसर्गचित्रं पाहून लेक थक्क झाली. आणि नक्षीचा धडा तर आपल्या गळ्यातच असतो. कोल्हापुरी साजातली पानं बघा. मासा, कासव, चंद्र, बेलपान यांचे आकार किती थोडक्या रेषांत बसवलेत! लुगड्याचा काठ, ठिपक्यांची रांगोळी, सगळं तेच.

आता लेक आठवीत आहे. यंदा एलिमेंटरीला बसते म्हणाली आणि घरात वादाला तोंड फुटलं. हे म्हणाले, "क्लास बुडवून चित्रं काढून पोट भरतं का?" सासूबाई एरवी मधे पडत नाहीत. पण त्या म्हणाल्या, "कोल्हापुरात राहून असं विचारतोस?" खरंच की! बाबूराव पेंटर चित्रकलेच्या शाळेत न जाता शिकले, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. शांतारामबापू त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांनी आश्रय दिला नसता तर कोटितीर्थाची ती चित्रं कुठून आली असती? अर्थात प्रत्येक पोर काही बाबूराव होत नाही, हेही मला कळतं.

यांना शेवटी पटलं ते वेगळ्याच कारणानं. कला संचालनालयाची पुढची इंटरमिजिएट परीक्षा दिली की दहावीला ए श्रेणीचे 7, बी श्रेणीचे 5 आणि सी श्रेणीचे 3 वाढीव गुण मिळतात. गुण म्हटल्यावर बापाचा राग निवळला! मी वाद वाढवला नाही. फॉर्म भरून टाकला.

परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असतंच; पण स्मरणचित्राची मला धास्ती होती. पुन्हा ते दोन डोंगर येतात की काय! परवा सरांनी सरावाला 'भाजी मंडई' हा विषय दिला. संध्याकाळी बघते तर कागदाच्या मधोमध नऊवारीतली म्हातारी वांगी निवडत बसलेली. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे गं, पण माझी पिशवी कुठाय?"