गळतंय कुठून, ते आधी बघा

मैत्रिणींनो, कुकरच्या बाजूने फुसफुस वाफ यायला लागली, म्हणून आपण लगेच नवा कुकर आणायला निघत नाही. रिंग काढून बघतो, कडक झाली असेल तर नवी घालतो. पण दारातल्या जुन्या गाडीखाली तेलाचा काळा डाग दिसला, की घरात एकच चर्चा, 'इंजिन गेलं वाटतं!' खरं तर पुष्कळदा तिथेही एखादं पॅकिंग नाहीतर रबरी सीलच गेलेलं असतं. फक्त ते कुठलं, हे शोधावं लागतं.

आमच्या महिला मंडळाकडे एक जुनी मारुती ८०० आहे. १९८३ मध्ये आलेली ही गाडी कंपनीने २०१४ मध्ये बनवणं थांबवलं. आमची मात्र अजून वाड्या-वस्त्यांवरच्या बायकांना तपासणीसाठी तालुक्याच्या दवाखान्यात नेते-आणते. मागच्या पावसाळ्यात तिच्याखाली रोज तेल ठिबकायला लागलं. एका गॅरेजवाल्याने वरवर बघून सांगून टाकलं, ''ताई, इंजिन खोलावं लागेल.'' आकडा ऐकून मंडळात गाडी विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा गाडी चालवणारी आमची मैत्रीण म्हणाली, ''अगं, आधी गळतंय कुठून ते तर बघू!''

पहिलं काम, गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का, ते बघायचं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरा. तपकिरी-काळा, चिकट डाग म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. हिरवट किंवा लालसर पाणी असेल तर ते रेडिएटरचं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्या, आणि मग गाडी न चालवता मेकॅनिकलाच घरी बोलवा. एसी लावून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी मात्र काळजीचं नाही.

दुसरं, डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको तसं जास्तही नको.

आता खरा शोध. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. म्हणून आधी थंड इंजिन डिग्रीझर आणि जुन्या ब्रशने स्वच्छ करून घ्यावं. वायरींवर पाणी मारू नये. पूर्ण सुकल्यावर संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, एअर फिल्टरपासून लांब. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणावी, इंजिन बंद करावं आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत यावं. पावडरीवर सगळ्यात वर जिथे ओली रेघ दिसेल, तिथे मूळ. पदर, ओढणी नीट खोचून घ्या. पंख्याजवळ आणि गरम सायलेन्सरजवळ हात नकोच.

आमच्या गाडीत सगळे बोट दाखवत होते खालच्या चेंबरकडे. ओली रेघ निघाली थेट वर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी! उष्णतेने ते कडक होऊन चिरलं होतं. दुसऱ्या फिटरने आणखी एक गोष्ट दाखवली. इंजिनमधला वायू बाहेर काढणारी ब्रीदरची नळी चोंदली होती. कुकरची शिट्टी चोंदली की वाफ रिंगमधून वाट काढते, तसंच इथे. आत दाब वाढला की तेल पॅकिंगमधून बाहेर येतं. नळी साफ केली नसती तर नवं पॅकिंगही टिकलं नसतं. कव्हरचे नट त्याने बेताने, सारखे आवळले. फार आवळले तर कव्हर वाकतं. हे सगळं झालं एका दुपारी, तेही आधी सांगितलेल्या आकड्याच्या अगदी थोड्या हिश्श्यात.

याशिवाय ऑइल फिल्टर, चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, या जागाही आधी बघाव्यात. दुरुस्ती स्वस्तातली असते. टायमिंग बेल्टकडचं सील गळत असेल तर टाळाटाळ नको, तेलाने बेल्ट खराब होतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल येत असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिथे सील स्वस्त, मजुरी महाग.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. गाडी चालवताना तेलाच्या चंबूचा लाल दिवा लागला, तर 'घरापर्यंत जाऊ' म्हणू नका. बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा, नाहीतर इंजिन खरंच जाईल. आणि जळक्या तेलाचा वास किंवा धूर आला तर थांबा. गरम सायलेन्सरच्या पाइपवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

गॅरेजमध्ये गेलात तर ''कुठून गळतंय ते दाखवा,'' असं सरळ म्हणा. बदललेलं जुनं पॅकिंग परत मागा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि आठवडाभर पुन्हा पुठ्ठा अंथरून बघा. आमचा पुठ्ठा कोरडा राहिला आणि गाडी विकायचा विषय मंडळाच्या बैठकीतून आपोआप निघून गेला.